परसातल्या खारी: फळं, कुंड्या आणि एसीमागचं घरटं कसं सांभाळायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बंगल्यामागे २० बाय ३० फुटांचं परस, त्यात एक चिकू, एक पेरू, दोन डाळिंबं आणि कडेला टोमॅटो-मिरचीच्या कुंड्या. खारी फळं कुरतडतात, कुंड्या उकरतात, ठिबकची नळी फोडतात, आणि आता एसीच्या बाहेरच्या युनिटमागे काथ्या-चिंध्या कोंबून घरटं केलंय. पिंजऱ्यात पकडून लांब सोडावं का, की एखादं औषध आहे, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही करू नका. आधी त्याची कारणं सांगतो, कारण ती पटली की पुढचं सगळं काम सोपं होतं. तुमच्या परसात खारी येतात कारण तिथे खाणं, पाणी आणि आडोसा एकाच जागी आहे. एक खार पकडून नेली तरी ती जागा तशीच राहते, आणि आठवड्या-पंधरवड्यात शेजारच्या झाडावरची दुसरी तिथे येते. नेऊन सोडलेल्या खारीला नव्या जागी आसरा कुठे, पाणी कुठे, काही ठाऊक नसतं. ती मांजराच्या किंवा शिक्र्याच्या तोंडी सहज जाते. पकडलेली मादी असेल तर मागे राहिलेली पिल्लं घरट्यातच मरतात, म्हणजे तुमच्या बाबतीत एसीच्या मागे. कायद्याचा भागही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या जुन्या पाचव्या परिशिष्टात उपद्रवी म्हणून उंदीर, फळं खाणारी वटवाघळं आणि साधा कावळा होते. खार त्यात नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीनंतर परिशिष्टांची मांडणी बदलली, पण म्हणून परवानगीशिवाय खार पकडायला किंवा मारायला मोकळीक मिळाली असं समजू नका.

विषाचं तर नावच नको. उंदरांसाठी मिळणाऱ्या ब्रोमाडिओलोनच्या वड्या खाल्लेला प्राणी लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्तावून फिरतो, आणि त्याला खाणारं घुबड किंवा मांजर त्याच विषाने आजारी पडतं. परसातल्या उंदरांचा खरा बंदोबस्त करणारं घुबड आपणच घालवतो.

तेव्हा काम खारी घालवायचं नाही. फळ, माती, नळी आणि वायर तिच्या दाताच्या आवाक्याबाहेर ठेवायचं आहे. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे तिला काहीतरी कुरतडत राहावंच लागतं. प्लास्टिक, नायलॉन, रबर, थर्माकोल, लाकूड हे सगळं तिला कुरतडता येतं. धातूची जाळी आणि पत्रा कुरतडता येत नाही. पुढे मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं यातूनच निघतं.

सगळ्यात आधी एसी बघा, कारण तिथे उशीर झाला तर जिवाचा प्रश्न आहे. बाहेरच्या युनिटचा एमसीबी खाली करा आणि मगच टॉर्च घेऊन बघा. युनिट स्वतः उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार राहतो. घरटं रिकामं आहे की नाही हे ओळखायला सोपी रीत आहे. ज्या फटीतून खार आत-बाहेर करते तिथे वर्तमानपत्राचा सैलसर बोळा ठेवा. तीन दिवस तो हलला नाही आणि आतून चिवचिव ऐकू आली नाही, तर घरटं सोडलेलं आहे. मग काथ्या काढा आणि फट बंद करा.

पिल्लं असतील तर थांबा. एका विणीत साधारण दोन-तीन पिल्लं असतात. जन्मतात तेव्हा अंगावर केस नसतात, डोळे मिटलेले असतात. स्वतःचं स्वतः खाऊ लागायला त्यांना दोन महिन्यांच्या आसपास लागतात. घरटं युनिट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत असेल आणि पंख्याच्या जाळीच्या आत काहीच शिरलेलं नसेल, तर तेवढे दिवस त्यांना तिथेच राहू देणं सगळ्यात बरं. मात्र हवा अडत असेल तर एसी चालवू नका, कॉम्प्रेसर तापतो. घरटं पंख्याच्या आत असेल आणि हलवणं भागच असेल, तर सकाळी लवकर हलवा. हातमोजे घालून घरटं आहे तसं अख्खं बुटाच्या खोक्यात ठेवा, खोक्याला एका बाजूने मूठभर भोक ठेवा, आणि ते मूळ जागेपासून हात-दोन हात अंतरावर सावलीत घट्ट बांधा. मग सगळ्यांनी तिथून दूर व्हा. आई पिल्लांना तोंडात धरून एकेक करून दुसरीकडे नेते. संध्याकाळपर्यंत ती आलीच नाही तर पिल्लांना गाईचं दूध पाजायच्या फंदात पडू नका. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

फटी बंद करताना फोमचा स्प्रे किंवा थर्माकोल वापरू नका, खार तो पोखरून परत येते. १२ मिलिमीटर चौकटीची जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डमेश जाळी कापून स्क्रूने बसवा. भिंतीतल्या भोकात जाळीचा बोळा कोंबून वरून एकास चार सिमेंट-वाळूचा माल भरा. तांब्याच्या नळ्यांवरचं काळं इन्सुलेशन ती नक्की ओरबाडणार. त्यावर पीव्हीसीची केसिंग पट्टी घालण्यापेक्षा जाळीचीच गुंडाळी करा. बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनचं भोक, शटरचा वरचा खोका, सोलर पॅनेलच्या खालची पोकळी या जागाही त्याच दिवशी बघून घ्या. एक जागा बंद झाली की खार लगेच दुसरी शोधते.

आता फळं. इथे एक गोष्ट आधी तपासून घ्या, कारण खारीच्या नावावर दुसऱ्यांचाही बराच माल खपतो. खार दिवसाउजेडीच हिंडते, सकाळी आणि दुपार कलल्यावर सगळ्यात जास्त. संध्याकाळी सातला झाडावरची चांगली फळं मोजा आणि पहाटे उजाडायच्या आत पुन्हा मोजा. रात्रीत कमी झाली तर चोर उंदीर, वटवाघूळ किंवा उदमांजर आहे. त्यांना खारीचे उपाय पुरे पडत नाहीत. झाडाखाली चावून थुंकलेला चोथा पडलेला असेल तर वटवाघूळ. फळाला टोकदार खोचा आणि खाली अर्धवट खाल्लेले तुकडे, तर पोपट. पिकलेल्या पेरूत गोल खळगा, तर बहुधा बुलबुल. खारीच्या खाण्यात कडेला बारीक, जोडीने उमटलेले दातांचे ओरखडे दिसतात. डाळिंबाच्या एका बाजूला ती भोक पाडते, दाणे काढून खाते आणि सालीचा चुरा खाली पडतो. कोकणातल्या वाचकांसाठी आणखी एक: नारळाच्या बागेत कोको लावला असेल तर उंदीर फळ देठाजवळ पोखरतो, खार मधोमध. शिवाय खार पिकलेल्या फळालाच हात घालते, म्हणून पिकलं की लगेच काढलं तर तिचा त्रास बराच कमी होतो.

आणि हाच विचार तुमच्या पेरू-चिकूला लागू आहे. जाळीचा खर्च करण्याआधी तुमच्या फळांचे दोन गट करा. चिकू, पेरू, आंबा, पपई, सीताफळ, टोमॅटो ही झाडावरून उतरवल्यावरही घरात पिकतात. डाळिंब उतरवल्यावर आणखी गोड होत नाही. पहिल्या गटाला जाळीपेक्षा वेळेवर काढणी जास्त लागते.

चिकू झाडावर मऊ होईपर्यंत ठेवलात तर तो खारीसाठीच ठेवलात. फळावरचा तपकिरी भुसा बोटाने सहज निघतो का बघा. नखाने हलकं खरवडल्यावर खाली हिरवं दिसलं तर थांबा, पिवळट दिसलं तर उतरवा. देठातून येणारा चीकही तेव्हा कमी झालेला असतो. अशी फळं पेंढ्यात किंवा कागदात ठेवली की साधारण आठवडाभरात पिकतात. पेरू गडद हिरव्यावरून पोपटी-पिवळसर व्हायला लागला की काढा, दोन-चार दिवसांत घर भरून वास येतो. सीताफळाचे डोळे उकलून त्यांच्या मधल्या रेषा पांढरट-पिवळ्या दिसल्या की काढा. पपईवर पिवळी रेघ उमटली की काढा. टोमॅटोच्या टोकाला गुलाबी छटा आली की काढा. लाल होऊ दिलेला टोमॅटो आणि घरात लाल केलेला टोमॅटो यांच्या चवीत फरक पडतो हे खरं, पण तो अर्धा कुरतडलेल्या टोमॅटोइतका नाही. हंगामात एक दिवसाआड सकाळी लवकर फेरी मारा, आणि खाली पडलेली फळं रोज उचला. पडलेला, फुटलेला पेरू म्हणजे खारींना आमंत्रण, आणि फळमाशीची पैदासही त्यातच होते.

डाळिंबाचं मात्र तसं नाही. ते पूर्ण तयार होईपर्यंत झाडावरच राहावं लागतं, आणि शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात दाणे गोड व्हायला लागले की खार रोज येते. कापडी पिशवी, फोमची जाळी, पातळ प्लास्टिक पिशवी यांनी डाग आणि किडी थांबतात, खार थांबत नाही. दोन झाडांवर तीस-चाळीस फळं असतील तर प्रत्येक फळाला जाळीचा डबा करणं शक्य आहे. तो असा करा. ६ मिलिमीटर भोकाची जस्ती जाळी घ्या. ४२ बाय २५ सेंटिमीटरचा तुकडा कापा, ४२ ची बाजू गोल वळवून दोन सेंटिमीटर एकावर एक घ्या आणि बारीक तारेने शिवा. साधारण साडेबारा सेंटिमीटर व्यासाचं नळकांडं तयार होतं. खालचं तोंड दुमडून बंद करा, वरचं तोंड देठाभोवती आवळा. डब्याचं वजन देठावर घेऊ नका, तारेने वरच्या जाड फांदीला टांगा. कापलेल्या टोकांनी हात आणि फळ दोन्ही चिरतात, म्हणून कडा आत दुमडून घ्या.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे जाळी फळाला टेकणं. १२ मिलिमीटरची जाळी फळाला चिकटून असेल तर खार भोकातून दात घालून तेवढाच भाग कोरते, आणि एकदा साल फुटली की बुरशी येऊन फळ जातं. फळाभोवती सगळीकडून किमान दोन सेंटिमीटर मोकळं हवं. म्हणून फळ लिंबाएवढं असतानाच डबा घाला, आणि ते पूर्ण वाढल्यावर केवढं होणार ते धरून माप घ्या. कोणी प्लास्टिकचे भोकं पाडलेले डबे सुचवतात. सावलीतल्या फळाला ते चालतात, पण चैत्र-वैशाखाच्या उन्हात आतली हवा तापून साल भाजते, आणि खालून पाणी निचरायला भोक नसेल तर फळ सडतं.

संपूर्ण झाडावर नायलॉनची जाळी टाकायचा मोह होतो, तो टाळा. खार ती एका दुपारी फाडते. त्याहून वाईट म्हणजे त्या सैल जाळीत बुलबुल, सरडे आणि धामण अडकून मरतात. धामण तुमच्या परसातले उंदीर खाते, तिला गमावू नका.

खोडाला पत्रा गुंडाळायचा उपाय तुम्ही ऐकला असेल. तो नारळ, सुपारी आणि उंच पपईला चांगला लागू पडतो. ४० ते ५० सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत जस्ती पत्रा, जमिनीपासून साधारण दोन मीटर उंचीवर, खोडाला लपेटून तारेने बांधायचा. खिळे मारायचे नाहीत. खोड जाडावत जातं, म्हणून वर्षातून एकदा तार सैल करायची, नाहीतर ती सालीत रुतते. पेरू आणि डाळिंबाला हा उपाय करताच येत नाही, कारण त्यांच्या फांद्या गुडघ्या-कमरेएवढ्या उंचीवरच फुटतात आणि पत्र्याला जागा उरत नाही. चिकूचं खोड पाच-सहा फूट मोकळं असेल तरच विचार करा. पण मग झाड सुटं हवं. मीटर-दीड मीटरची उडी खारीला सहज जमते, वरून खाली असेल तर त्याहून लांब. कुंपणाची भिंत, गच्चीचा कठडा, केबलची वायर, शेजारची फांदी यांपैकी काहीही दोन-अडीच मीटरच्या आत असेल, तर पत्रा नुसता शोभेला.

कुंड्या उकरण्यामागे बहुतेक वेळा एक कारण निघतं, आणि ते आपणच घातलेलं असतं. कुंडीत शेंगदाण्याची पेंड खत म्हणून घालता का? तिचा वास खारीला दाण्याचाच येतो. ती माती उकरून पेंड शोधते आणि रोपाची मुळं उघडी पडतात. पेंड घालायचीच असेल तर मूठभर पेंड पाच लिटर पाण्यात तीन-चार दिवस भिजवून, गाळून, तेवढंच पाणी आणखी पाचपट पातळ करून द्या आणि चोथा कंपोस्टमध्ये झाकून टाका. नाहीतर निंबोळी पेंड वापरा. नुकतंच पेरलेलं बी, विशेषतः मटार, मका, सूर्यफूल, भुईमूग, हेही ती उकरते. कुंडीच्या तोंडाएवढी १२ मिलिमीटर जाळीची चकती कापा, मधोमध खोडासाठी भोक आणि एका बाजूने चीर ठेवा, मातीवर बसवा आणि दोन खडे ठेवा. टांगत्या कुंडीचं काथ्याचं अस्तर घरट्यासाठी ओढून नेत असेल तर बाहेरून तीच जाळी लपेटा. किंवा कोपऱ्यात एका फांदीला मूठभर सुटा काथ्या टांगून ठेवा. बऱ्याचदा ती सोपा काथ्या आधी नेते.

टोमॅटो-मिरचीसाठी एकच पक्का पिंजरा करणं मला सगळ्यात परवडणारं वाटतं. पाच बाय पाच फूट आणि सहा फूट उंच सांगाडा, जस्ती पाइपचा किंवा चांगल्या बांबूचा. चारी बाजू १२० चौरस फूट आणि छत २५, म्हणजे एकावर एक घ्यायची जागा धरून साधारण १६० चौरस फूट जाळी. चार फूट रुंदीच्या रोलमधली ४० फूट लांबी पुरते. खाली जाळी जमिनीवर बाहेरच्या बाजूला वीत-दीड वीत वळवून वर विटा ठेवा, म्हणजे घुसही शिरत नाही. दाराची फट विसरू नका, तीन सेंटिमीटरचं अंतरही खारीला पुरतं. टोमॅटो आणि मिरचीला परागीभवनाची अडचण येत नाही, सकाळी झाडं हलकेच हलवली तरी भागतं. मधमाशीही या जाळीतून ये-जा करते. मोठे भुंगे मात्र अडतात, म्हणून आत काकडी किंवा कारलं लावलंत तर सकाळी नर फुल तोडून मादी फुलावर हाताने टेकवा. दुधीची फुलं संध्याकाळी उघडतात, त्याचं हे काम तिन्हीसांजेला करावं लागतं.

ठिबकच्या नळीचं कारण बहुतेक तहान असतं. फेब्रुवारी ते जूनपर्यंत नळ्या जास्त फुटतात, पावसाळ्यात हा त्रास आपोआप कमी होतो. झाडांपासून दूर, सावलीत, दोन-तीन इंच खोल मातीचं पसरट भांडं ठेवा, मधे एक दगड ठेवा आणि पाणी रोज बदला, निदान एक दिवसाआड तरी, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. भांडं रोज त्याच जागी आणि भरलेलं हवं. दोन दिवस कोरडं राहिलं की खार पुन्हा नळीकडे वळते. जमेल तिथे लॅटरल, म्हणजे ठिबकची झाडांपर्यंत जाणारी बारीक नळी, दोन-तीन इंच मातीखाली घाला आणि ड्रिपर तेवढा वर ठेवा. फुटलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळू नका, तुकडा कापून जॉइनर बसवा.

पक्ष्यांसाठी बाजरी-तांदूळ ठेवत असाल तर तेही खारीच खातात. बंद करायला सांगत नाही. दाणे झाडावर न टांगता परसाच्या मोकळ्या भागात सुट्या लोखंडी खांबावर ठेवा, आणि खांबावर साडेचार-पाच फुटांवर दीड फूट व्यासाचा पत्र्याचा उलटा शंकू बसवा. तासाभरात पक्षी खातील तेवढेच दाणे घाला.

फवारण्यांबद्दल. तिखटाचा दाह खारीला जाणवतो, पक्ष्यांना जाणवत नाही, म्हणून मिरची-लसणाच्या पाण्याला थोडा अर्थ आहे. दहा-बारा तिखट हिरव्या मिरच्या आणि आठ-दहा लसूण पाकळ्या वाटून एक लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा, रात्रभर ठेवा, फडक्याने दोनदा गाळा, चिकटण्यासाठी चमचाभर रिठ्याचं पाणी घाला. आधी चार पानांवर मारून दुसऱ्या दिवशी पानं करपली नाहीत ना बघा. फवारणी ऊन उतरल्यावर, डोळ्यांवर चष्मा लावून, वाऱ्याकडे पाठ करून. चार-पाच दिवसांनी आणि प्रत्येक पावसानंतर पुन्हा मारावी लागते, म्हणजे पावसाळ्यात तिचा उपयोग नाही. कुंड्यांच्या कडा आणि नळ्या यांच्यापुरती ती ठीक आहे, पण भुकेल्या खारीला पिकल्या डाळिंबापासून ती रोखत नाही. डांबरगोळ्या खाण्याच्या झाडांजवळ ठेवूच नका, त्या विषारी आहेत. अल्ट्रासॉनिक यंत्राचा आवाज उघड्यावर लवकर विरतो आणि पानाआड पोचत नाही. घुबडाचा पुतळा किंवा चमकत्या फिती काढणीच्या आठवड्यात दर दोन दिवसांनी जागा बदलून ठेवल्या तर तेवढे दिवस निभतात, एका जागी राहिल्या तर खार त्यावरच बसते.

तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून ही साधी पाठीवर पट्टे असलेली खार आहे असं धरलं आहे. घाटमाथ्यावर, भीमाशंकर किंवा महाबळेश्वरच्या बाजूला कोणी हे वाचत असेल आणि झाडावर तांबूस-तपकिरी, लांब झुपकेदार शेपटीचा मोठा प्राणी दिसत असेल, तर तो शेकरू आहे, आपला राज्यप्राणी. तिथे फक्त वेळेवर काढणी करा, बाकी काही करू नका.

दोन गोष्टी कळवा: शेजारच्या झाडाची फांदी तुमच्या चिकूवर येते का, आणि एसीच्या मागे वर्तमानपत्राचा बोळा तीन दिवसांनी जागेवर होता का. फांदी येत असेल तर शेजाऱ्यांशी बोलून ती छाटून घेईपर्यंत पत्र्याचा खर्च करू नका. बोळा हललेला असेल तर जाळी बसवायला अजून थांबावं लागेल.